मागे माणसं बसली की गाडी दगड होते: शॉकअप बदलायच्या आधी नायट्रोजनचे गोळे तपासा

वाचकाचं पत्र, थोडं कमी करून देतोय:

"वडिलांची १९८९ ची मर्सिडीज ५६० एसईएल आता मी चालवते. मागे हायड्रॉलिक सेल्फ लेव्हलिंग आहे. वर्षभरात मागची राइड फार कडक झालीये. मी एकटी असले की चालून जातं, पण मागे आई आणि अजून दोघं बसले की प्रत्येक खड्ड्यात दाणकन आपटते. आईला मणक्याचा त्रास आहे, ती आता या गाडीत बसायलाच नको म्हणते. टायर नवे टाकले, फरक शून्य. एक गॅरेजवाला म्हणतो चारही शॉकअप गेलेत, दुसरा म्हणतो ही सिस्टिमच काढून फेका आणि साधे स्प्रिंग आणि शॉकअप टाका. गाडी खाली बसलेली वगैरे अजिबात दिसत नाही, मागून सरळ उभी असते. काय करू?"

ताई, सगळ्यात आधी एक काम, आणि त्याला पाना लागत नाही. गाडी ठीक होईपर्यंत आईंना पुढच्या सीटवर बसवा आणि मागे एका वेळी एकाच्या वर माणूस नको. तुमच्या गाडीत पुढचं सस्पेन्शन वेगळं आहे, साधे स्प्रिंग आणि साधे शॉकअप, आणि तुमच्या लिहिण्यावरून पुढे काही तक्रार दिसत नाही. म्हणजे त्याच गाडीत, त्याच रस्त्यावर आईंचा त्रास लगेच बराच कमी होईल आणि तुम्हाला शांतपणे दोष शोधायला वेळ मिळेल, कारण घाईत असलेल्या माणसालाच चार शॉकअप विकले जातात.

आता गॅरेजवाल्याच्या "शॉकअप गेलेत" बद्दल. शॉकअप जातो म्हणजे काय होतं? आतल्या तेलाचा अडथळा कमी होतो, म्हणजे गाडी झुलायला लागते, उंचवट्यावरून गेली की दोन-तीनदा वरखाली होते, वळणावर अंग टाकते. हा मऊपणाचा आजार आहे. शॉकअप संपल्यामुळे गाडी दगडासारखी होणं हे सहसा घडत नाही, दांडा वाकून अडकला किंवा कोणी चुकीचा जास्त कडक शॉकअप बसवला तर होतं, पण मग तो कडकपणा गाडी रिकामी असतानाही जाणवतो, माणसं मोजून येत नाही. आणि चारही गेले म्हणे! तुमच्या गाडीत मागे साधे शॉकअप मुळात नाहीतच. तिथे हायड्रॉलिक स्ट्रट आहेत, शॉकअपचं काम तेच करतात आणि वजन उचलायला मदतही तेच करतात. जो माणूस गाडीखाली न वाकता चार शॉकअपचा हिशोब सांगतो त्याच्याकडे ही गाडी ठेवू नका, स्पष्टच सांगतो.

मागची रचना एकदा नीट समजून घ्या, कारण ती समजली की पुढचं सगळं आपोआप सुचतं. मागे लोखंडी कॉइल स्प्रिंग आहेत, पण ही सिस्टिम नसलेल्या गाडीपेक्षा नरम. रिकाम्या गाडीचं बहुतेक वजन हे स्प्रिंग घेतात. माणसं बसली, डिकीत सामान आलं की मागची बाजू थोडी खाली जाते, अँटी रोल बारला (वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणारी लोखंडी सळई) जोडलेली एक छोटी दांडी लेव्हलिंग व्हॉल्व्हला ते कळवते, इंजिनवर चालणारा पंप तेल पाठवतो, ते तेल स्ट्रटमध्ये जातं आणि गाडी परत आपल्या उंचीला येते. इथपर्यंतचं बहुतेक मेकॅनिकना माहीत असतं. जे विसरलं जातं ते हे की तेल दबत नाही. स्ट्रटमध्ये नुसतं तेल भरलं तर तो लोखंडाचा खांब झाला, चाक वर आलं की गाडीही तेवढीच वर. म्हणून प्रत्येक स्ट्रटला एक गोळा जोडलेला असतो, फिटर लोक स्फिअर म्हणतात, आत रबराचा पडदा, पडद्याच्या एका बाजूला तेल आणि दुसऱ्या बाजूला दाबून भरलेला नायट्रोजन. चाक वर आलं की स्ट्रटमधलं तेल गोळ्यात घुसतं, पडदा सरकतो, नायट्रोजन दबतो आणि परत ढकलतो. म्हणजे मागच्या माणसांच्या वजनाची खरी स्प्रिंग तो नायट्रोजन आहे.

आणि रबराच्या पडद्यातून नायट्रोजन वर्षानुवर्षं थोडा थोडा झिरपत जातो, पडदा फाटायची गरज नसते, गाडी उभी असली तरी जातो. ३५ वर्षांच्या गाडीत गोळे कधी बदलले याची कागदपत्रं नसतील तर ते संपलेत असं धरूनच मी सुरुवात करेन.

पण मी नुसत्या वयावरून सांगत नाहीये, तुमच्या पत्रात दोन गोष्टी आहेत ज्या मला जवळजवळ खात्रीने त्या गोळ्यांकडे नेतात. पहिली, एकटी असताना ठीक आणि मागे माणसं बसली की दगड. समजा गोळ्यातला अर्धा नायट्रोजन गेलाय, तर त्याच वजनाखाली उरलेल्या गॅसला जागा अर्धीच लागते आणि त्याचा कडकपणा दुप्पट होतो. आता मागे तीन माणसं बसली, गाडी खाली जाऊ नये म्हणून पंपाने अजून तेल ढकललं, दाब वाढला, गॅस अजून आकसला, आणि गॅसचा कडकपणा दाबाबरोबरही वाढतो आणि जागा कमी झाल्यानेही वाढतो, म्हणजे दोन्हीकडून मार. रिकाम्या गाडीत दाब कमी असल्यामुळे उरलेला गॅस कसाबसा पुरतो, त्यामुळे तुम्हाला एकटीला "चालून जातं". हळूहळू होत गेल्यामुळे तुम्हाला वर्षभर नक्की कधी सुरू झालं तेही सांगता येत नसेल. अजून काही महिन्यांनी एकटी असतानाही तशीच आपटायला लागेल, कारण गॅस पूर्ण संपला की रिकामं भरलेलं असा फरकच उरत नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही शेवटी सहज लिहिलीये पण मला सगळ्यात महत्त्वाची तीच वाटते, गाडी खाली बसलेली नाही. माणसं बसली की आपटते याचं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे स्प्रिंग थकलेत किंवा लेव्हलिंग वजन उचलत नाहीये, गाडी खाली आलीये आणि प्रत्येक खड्ड्यात रबराच्या बंप स्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शनची हालचाल संपते तिथल्या अडथळ्यावर, आदळतेय. तेव्हाही आवाज दाणकनच येतो, तेव्हाही एकट्याने ठीक वाटतं. पण त्यात मागची बाजू खाली दिसते. तुमच्याकडे उंची बरोबर आहे आणि लवचिकपणा नाहीये, म्हणजे पंप काम करतोय, व्हॉल्व्ह काम करतोय, फक्त तेलाला मागे सरायला जागा उरलेली नाही.

"सरळ उभी असते" हे डोळ्यांनी बघितलेलं आहे, आणि डोळा फसतो, त्यामुळे मोजा. टेप घ्या, गाडी सपाट जागेवर रात्रभर उभी ठेवा, सकाळी इंजिन चालू न करता मागच्या दोन्ही चाकांच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. टायरच्या वरच्या कडेपासून किंवा जमिनीपासून मोजू नका, हवा कमी जास्त असली की तो आकडा बदलतो, चाकाच्या मध्यापासूनचा बदलत नाही. मग इंजिन चालू करून आयडलला ठेवा, मागे दोन मोठी माणसं बसवा, ती बसल्या बसल्या लगेच मोजा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि परत मोजा. माणसं बसल्यावर आकडा कमी होऊन हळूहळू परत जवळपास पहिल्यावर आला तर लेव्हलिंग जिवंत आहे, आणि गाडी तरीही कडक असेल तर गोळे. आकडा खालीच राहिला तर वेगळी गोष्ट, मग आधी हायड्रॉलिक टाकीतलं तेल, मग ती दांडी तुटलीये किंवा निसटलीये का, मग पंप. आणि रिकाम्या गाडीतच मागची बाजू उंच उभी असेल तर कोणीतरी दांडीचं सेटिंग बिघडवलंय किंवा साध्या गाडीचे कडक स्प्रिंग घातलेत, तेही मी बघितलंय. या मर्सिडीजमध्ये स्प्रिंगच्या वर रबरी पॅड वेगवेगळ्या जाडीचे येतात, त्यावर छोट्या गाठी असतात आणि गाठींच्या संख्येवरून जाडी ओळखतात, तिथे चुकीचा पॅड आला तरी उंची हलते, तेव्हा डाव्या उजव्या बाजूत फरक दिसला तर तोही विचार करा.

अजून एक साधी तपासणी. डिकीच्या कडेवर दोन्ही हात ठेवून सगळं वजन टाका आणि सोडा, आणि दुसऱ्या कोणाला तरी बाजूला बसवून टायर आणि फेंडर यांच्यामधली फट बघायला सांगा. चांगल्या गाडीत ती फट स्पष्ट कमी होते आणि सोडल्यावर एका संथ हालचालीत परत येते. गोळे मेलेल्या गाडीत फट जवळजवळ हलतच नाही, फक्त टायर खाली थोडा फुगतो, म्हणजे तुमच्या मागच्या सस्पेन्शनचं काम सध्या टायर करतायत. हेच मागे दोन माणसं बसवून, इंजिन चालू ठेवून परत करा. रिकाम्या गाडीत थोडी हलते आणि भरलेल्या गाडीत अजिबात नाही असं झालं तर मी वर लिहिलेलं अर्ध्या गॅसचं चित्र तुमच्या डोळ्यासमोर आलं. पुढच्या बॉनेटवर तसंच दाबून बघा, तुलना करायला तीच गाडी आहे तुमच्याकडे.

टायरचं पटकन सांगतो. नवे टाकलेत हे चांगलं, पण साइज बघा. या गाडीचं मूळ माप २१५/६५ आर १५ आहे, उंच आणि मऊ बाजूचा टायर. कोणी दिसायला छान म्हणून मोठी रिम आणि पातळ टायर चढवले असतील तर थोडा कडकपणा तिथून आहेच, आणि जास्त वजनाचे म्हणून येणारे एक्स्ट्रा लोड टायरही बाजूने ताठ असतात. हवा गाडी काही तास उभी असताना, टायर थंड असताना मोजा आणि गाडीवरच्या तक्त्यात दिलीये तेवढीच ठेवा. पण ताई, टायरमुळे माणसं बसल्यावर एवढा फरक पडत नाही, तुमचा दोष टायरचा नाहीये.

बुशांबद्दल, म्हणजे सस्पेन्शनच्या जोडांमधल्या रबरी तुकड्यांबद्दल, मात्र थोडं थांबतो, कारण गोळे बदलूनही कोणाकोणाची तक्रार पूर्ण जात नाही ती यामुळे. मागचे ट्रेलिंग आर्म, सबफ्रेम, डिफरेन्शियल, सगळं रबरावर बसवलेलं आहे आणि ३५ वर्षांत रबर कातडं होतं. पण त्याचा कडकपणा वेगळ्या जातीचा असतो, छोट्या छोट्या खडबडीतून सीटमध्ये झणझण येते, सावकाश चालवतानाही येते, एकट्यानेही येते, मागे कोण बसलंय त्याच्याशी संबंध नसतो. मोठ्या खड्ड्यातला दणका आणि बारीक रस्त्यावरची झणझण या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि गॅरेजमध्ये दोन्हीला "हार्ड आहे" एवढंच म्हटलं जातं, तिथेच अर्धा घोळ होतो. मी स्वतः एका जुन्या सेडानमध्ये सगळे बुश नवे टाकून घेतले होते आणि गाडी आधीपेक्षा कडक झाली, दोन आठवडे मला कळेना. फिटरने गाडी लिफ्टवर, चाकं लटकत असताना सगळे बोल्ट पक्के आवळले होते. बुशच्या रबराची आतली आणि बाहेरची बाजू लोखंडाला चिकटलेली असते, लटकत्या स्थितीत आवळलं की गाडी जमिनीवर आल्यावर ते रबर कायम पिळलेलं राहतं आणि चाकाला सतत खाली ढकलतं. बोल्ट सैल केले, गाडी तिच्या वजनावर उभी केली, मग आवळले, आणि त्याच संध्याकाळी गाडी मऊ झाली. तेव्हा पुढे कधी बुशचं काम केलंत तर शेवटचं आवळणं गाडी चाकांवर असतानाच, हे फिटरला आधी सांगा आणि समोर उभं राहून करून घ्या.

आता गोळेच आहेत की स्ट्रट यांत्रिक अडकलाय हे पक्कं करायचं असेल तर एक तपासणी आहे पण ती तुम्ही घरी करू नका, या सिस्टिमचं काम आधी केलेला मेकॅनिक शोधा. लेव्हलिंग व्हॉल्व्हवर दाब सोडायचा एक स्क्रू असतो, त्याला पारदर्शक नळी लावून ती बाटलीत सोडायची आणि स्क्रू हळू उघडायचा. गोळ्यात गॅस जिवंत असेल तर तो मागून ढकलत राहतो आणि तेल बराच वेळ जोराने येत राहतं. गॅस संपलेला असेल तर एक छोटी पिचकारी आणि मग दाब लगेच मेला. तेलात फेस किंवा बुडबुडे दिसले तर पडदा फाटून गॅस तेलात मिसळल्याचा संशय घ्या. मग स्क्रू उघडाच ठेवून मागची बाजू हळूहळू दाबायची. आता तेलाला बाहेर जायला वाट आहे, त्यामुळे गाडी लोखंडी स्प्रिंगवर दबली पाहिजे. तरीही हलली नाही तर दोष तेलात किंवा गोळ्यात नाही, काहीतरी लोखंडाला लोखंड अडकलंय, बुश जाम आहे किंवा स्ट्रटचा दांडा वाकलाय. गोळ्यांवर पैसे घालायच्या आधी ही दहा मिनिटं घालवणारा मेकॅनिक मिळाला तर त्याला सोडू नका.

घरी का नको म्हणतोय तर दोन कारणं. दाबातलं तेल बारीक फटीतून सुटलं तर कातडीत घुसतं आणि ती जखम वरून किरकोळ दिसली तरी आतून गंभीर असते, लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं. आणि दाब सुटला की गाडी खाली येते. जॅकवर उचललेल्या गाडीखाली घोड्या (आधाराचे स्टँड) लावल्याशिवाय डोकं घालायचं नाही हा नियम सगळ्याच गाड्यांना आहे, या गाडीला दुप्पट आहे.

दुसऱ्या गॅरेजवाल्याचा सल्ला, सिस्टिम काढून साधं करा, यावर माझं मत सरळ आहे, आत्ता नको. एक तर तुमच्या गाडीत जे भाग चांगले चालतायत, पंप, व्हॉल्व्ह, स्ट्रट, तेच काढून टाकायला सांगतोय आणि गेलेले आहेत फक्त दोन गोळे. दुसरं, हे काम बहुतेक जण अर्धवट करतात. स्ट्रट काढून साधे शॉकअप घालतात आणि स्प्रिंग तेच ठेवतात, जे या सिस्टिमसाठी मुद्दाम नरम केलेले आहेत. मग मागे माणसं बसली की गाडी बसते, बंप स्टॉपवर आदळते आणि तुम्ही फिरून त्याच जागी येता, फक्त आता गाडी खालीही दिसते. नीट करायचं तर स्प्रिंग, पॅड, शॉकअप, त्यांची वरची माउंटिंग सगळं साध्या गाडीचं लागतं आणि पंपाचा बंदोबस्त करावा लागतो. स्ट्रट दोन्ही गळतायत, पंप मेलाय, व्हॉल्व्ह मिळत नाही, असं सगळं एकदम आलं तर मी स्वतःही साधं करायचा विचार करेन. तुमची वेळ ती नाही. आणि लांब व्हीलबेसची ही गाडी मागच्या सीटवरच्या माणसासाठी बनवलेली आहे, तीन माणसं बसवूनही एका उंचीवर चालावी म्हणून, ती गोष्ट दोन गोळ्यांसाठी घालवू नये असं मनापासून वाटतं.

माहिती शोधताना एक काळजी घ्या. गॅसवर तरंगणारी गाडी ही कल्पना सिट्रोएनची, पॉल माजेस नावाच्या त्यांच्या इंजिनिअरने विकसित केली आणि १९५५ च्या डीएसमध्ये चारही चाकांवर आली. मर्सिडीजने १९७५ ते १९८० च्या ४५० एसईएल ६.९ मध्ये आपल्या पद्धतीची चारही चाकांची हायड्रोन्यूमॅटिक, म्हणजे तेल आणि गॅसवरची, सिस्टिम दिली, त्यात कॉइल स्प्रिंगच नाहीत. तुमच्या डब्ल्यू १२६ पिढीतही काही गाड्यांना ती चारही चाकांची सिस्टिम मिळाली आहे, पण तुमची फक्त मागची आहे, आणि मागे कॉइल स्प्रिंग दिसत असेल तर ते पक्कं. म्हणून एका गाडीचा सल्ला दुसऱ्या गाडीला लावू नका. खासकरून तेलाच्या बाबतीत. सिट्रोएनचं हिरवं एलएचएम वेगळं, तुमच्या गाडीला मर्सिडीजचं झेडएच-एम मिनरल हायड्रॉलिक तेल लागतं. ब्रेकचं तेल तर चुकूनही नको, मिनरल तेलासाठी बनवलेली रबरी सील त्याने फुगतात आणि मग खरोखरच सगळी सिस्टिम जाते.

काम करून घ्यायचा क्रम मी असा ठेवेन. दोन्ही गोळे एकदम, एक कधीच नाही, कारण डावं उजवं वेगवेगळं कडक झालं तर गाडी खड्ड्यात तिरकी उडते. नवे गोळे घेताना बनवल्याची तारीख बघा, गॅस कपाटात पडलेल्या गोळ्यातूनही झिरपतो, वीस वर्षं डब्यात असलेला ओरिजिनल गोळा म्हणजे डब्यातून काढलेला जुनाच गोळा. कोणी तुमच्याच गोळ्यात गॅस भरून देतो म्हणाला तर तो नायट्रोजनच आहे ना हे विचारा, आणि साधी हवा किंवा ऑक्सिजन भरायची भाषा केली तर तिथून निघा, दाबातला ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले तर स्फोट होतो, ही अतिशयोक्ती नाही. गोळ्यांबरोबरच जुनं तेल पूर्ण काढा, टाकीतला फिल्टर बदला, रबरी पाइप ओले झालेत का ते बघा. मग नवं तेल भरून इंजिन चालू करून लेव्हल बघायची, गाडी रिकामी असताना, कारण मागे वजन असलं की जास्त तेल स्ट्रट आणि गोळ्यांत गेलेलं असतं आणि टाकीत कमी दिसतं, मग माणूस वरून ओततो आणि गाडी रिकामी झाली की टाकी उतू जाते.

स्ट्रटला हात लावायचा का? ते कोरडे असतील तर नाही. खालच्या बाजूला, रबरी बूटाजवळ तेल ओघळलेलं असेल तर ते गळतायत, पण लक्षात घ्या, गळणाऱ्या स्ट्रटचं लक्षण कडकपणा नाही, टाकीतलं तेल कमी होणं आणि गाडी रात्रीतून खाली येणं हे आहे. तुमच्या पत्रात ते कुठेच नाही. एक मात्र होऊ शकतं, गॅस नसताना प्रत्येक दणक्याचा दाब थेट स्ट्रटच्या सीलवर आणि पाइपांवर बसतो, त्यामुळे वर्षभर असं चालवल्यावर गोळे बदलल्यानंतर महिन्याभरात एखादा स्ट्रट ओला झाला तर नवल नको आणि त्यासाठी नव्या गोळ्यांना दोषही नको. म्हणूनच भरलेली गाडी अजून फार दिवस तशीच चालवू नका.

ज्यांच्याकडे याच्या नंतरच्या पिढीतल्या, हवेच्या फुग्यांवर चालणाऱ्या जुन्या लक्झरी गाड्या आहेत, १९९८ च्या एस क्लासपासून पुढे किंवा २००३ ची जग्वार एक्सजे वगैरे, त्यांच्यासाठी दोन ओळी, कारण प्रश्न सारखाच वाटला तरी उत्तर वेगळं आहे. तिथे तेल नाही, फुग्यात हवा आहे, फुगा गळला की गाडी सकाळी एका कोपऱ्यात खाली बसलेली दिसते आणि मग आपटते, म्हणजे मोजमाप तिथेही पहिलं. उंची बरोबर असून गाडी कडक असेल तर इलेक्ट्रॉनिक डॅम्परकडे, म्हणजे करंटवर चालणाऱ्या शॉकअपकडे, बघा, त्यातले कित्येक करंट मिळाला नाही की सुरक्षेसाठी कडक स्थितीत जातात, तेव्हा वायर, कनेक्टर आणि कॉम्प्युटरमधले एरर आधी, डॅम्पर नंतर. तिथे कम्फर्टचं बटण दाबून काहीही फरक पडत नाही हीच मोठी खूण.

ताई, पुढचं पत्र लिहाल तेव्हा मला चार आकडे पाठवा, डावं उजवं रिकामं, आणि डावं उजवं मागे दोन माणसं बसवून तीन मिनिटांनंतरचं. मोजताना पेट्रोलची टाकी साधारण किती भरलेली होती तेही लिहा, मागच्या सीटच्या पाठीमागेच टाकी आहे, पूर्ण भरलेली असली तर एका माणसाएवढं वजन तिचंच होतं. आणि टाकीतलं हायड्रॉलिक तेल काळं झालंय की स्वच्छ आहे ते झाकण उघडून बघा. बाकी गोळे बदलून होईपर्यंत आई पुढेच बसू देत.